पहिल्या मजल्यापर्यंतच

आमच्या इमारतीला सात मजले होते आणि लिफ्ट एकच. जुनी, जाळीच्या दाराची, पितळी दांडा फिरवून चालवायची. ती चालवणाऱ्या माणसाला सगळे काका म्हणायचे. मी पाचव्या मजल्यावर एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचे, त्यामुळे दिवसातून निदान चार वेळा तरी काकांची गाठ पडायची.

सव्वीस वर्षं ते त्या लिफ्टमध्ये एका गोल स्टुलावर बसून होते. माणूस दिलखुलास. कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, कोणाची बदली होणार आहे, सगळं त्यांना ठाऊक. नवीन माणूस आत आला की ठरलेला विनोद व्हायचा. "दिवसाला चारशे मजले चढतो मी. घामाचा थेंब बघितलात?" माणूस हसला की काका त्याच्यापेक्षा जास्त हसायचे, आणि हसता हसता त्यांना धाप लागायची. ती धाप आम्हाला कोणालाच खटकली नव्हती. चेहऱ्यावरच्या चष्म्यासारखी ती त्यांची होऊन गेली होती. चहा दिवसातून सहा वेळा, प्रत्येकात तीन चमचे साखर आणि सोबत बिस्किटं. पोट दांड्याला टेकायचं.

जेवणाच्या सुट्टीत काका खाली पहारेकऱ्याच्या खोलीत डबा खायचे आणि तेवढा वेळ लोक स्वतःच लिफ्ट चालवायचे. अशाच एका दुपारी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एकच बाई होत्या. तिसऱ्या मजल्यावर फिजिओथेरपीचं केंद्र होतं, तिथे त्या आठवड्यातून तीनदा यायच्या. साठीच्या, मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. हातात काठी. सून त्यांना लिफ्टपर्यंत सोडून शेजारी औषधं आणायला गेली होती.

अशा वेळी गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जायचं, हाताने चाक फिरवायचं आणि लिफ्ट जवळच्या मजल्याला आणायची. इमारतीत हे शिकलेला माणूस एकच, काका. खोलीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. ते हातातला घास तसाच ठेवून उठले आणि जिन्याला लागले.

आरडाओरडा ऐकून मी पाचव्यावरून खाली आले, तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर काका पायरीवर बसले होते. ओठ पांढरे पडले होते, शर्ट घामाने भिजला होता, एका हाताने कठडा घट्ट धरलेला. समोर जाळी, आणि जाळीच्या आत, जमिनीपासून थोड्या वर, त्या बाई. काका काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, पण त्यांच्या तोंडून नुसता वारा येत होता.

बाई आतून म्हणाल्या, "काका, आधी श्वास घ्या. मी काही कुठे जात नाही."

कोणी किल्ली मागितली, तर काका मान हलवत होते. नवख्या माणसाने चाक फिरवलं तर भलतंच व्हायचं. शेवटी मेकॅनिक यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर बाई लिफ्टच्या फरशीवर बसून होत्या आणि काका पायरीवर. मधूनमधून बाईच विचारत होत्या, "आता बरं वाटतंय का?"

त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी काकांना तपासलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला पाठवलं. हृदय शाबूत होतं, पण साखर आणि रक्तदाब दोन्ही भरपूर वाढलेले. वजन चौऱ्याण्णव किलो.

"किती वर्षं जिना चढला नाहीत?" त्यांनी विचारलं.

काका विचार करून म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हापासून."

गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू चालायला लागा, गोड कमी करा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. काकांनी 'हळूहळू' हा शब्द सोडून बाकी सगळं ऐकलं. त्यांना लाज लागून राहिली होती. एक आजारी बाई आपल्यामुळे पन्नास मिनिटं पिंजऱ्यात बसली, आणि वर तिलाच आपली समजूत घालावी लागली. दुसऱ्या दिवसापासून साखर बंद, बिस्किटं बंद, भात बंद. पहाटे पाचला उठून रस्त्यावर धावणं. घरात बायकोला फर्मान, की आजपासून डब्यात फक्त उकडलेल्या भाज्या.

काकू फर्मानं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "अहो, चार दिवसांचं नाटक असेल तर मी आधीच सांगते, एवढ्या भाज्या एकदम आणणार नाही."

"नाटक नाही. या वेळी पक्कं ठरवलंय."

"मागच्या वेळी सायकल घेतलीत तेव्हाही पक्कंच होतं. त्या सायकलवर मी पायपुसणी वाळवते."

तिसऱ्या दिवशी काका सगळेच्या सगळे सात मजले चढले. दर मजल्यावर थांबत, पण चढले. वर पोचल्यावर त्यांनी आमच्या कचेरीत फोन करून ते मला सांगितलं. आवाजात एवढा आनंद होता की मीही उठून दोन बोटांनी टाळी वाजवली. सहाव्या दिवशी गुडघा सुजला. आठव्या दिवशी पाऊल टेकवेना. काका बारा दिवस घरी पडून होते. पडून काय करायचं, म्हणून चहा पुन्हा सुरू झाला आणि चहाबरोबर बिस्किटंही.

कामावर परत आले ते गप्प होऊन. चारशे मजल्यांचा विनोद बंद झाला होता. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "ताई, मी आरंभशूर माणूस. घरात सगळ्यांना माहीत आहे. तेवढं मलाच विसरायला होतं."

असेच तीन-चार महिने गेले. शिवणाऱ्या बाई येत होत्या, जात होत्या. काका त्यांच्यासाठी दार जास्त वेळ उघडं धरायचे, पण नजरेला नजर द्यायचे नाहीत. एके दिवशी बाई लिफ्टमध्ये शिरल्या आणि काकांच्या लक्षात आलं की त्यांच्या हातात काठी नाही. मीही लिफ्टमध्येच होते.

"बाई, काठी विसरलात?"

"विसरले नाही. दोन आठवडे झाले, घरीच ठेवते. तुम्ही आज बघितलंत."

काकांनी दांडा धरला, पण फिरवला नाही. "कसं काय जमलं हो?"

"जमलं म्हणजे काय. पहिले तीन आठवडे त्यांनी मला काय करायला लावलं असेल? खुर्चीतून उठायचं आणि परत बसायचं. दिवसातून चारदा. बास. मला इतका राग यायचा. म्हटलं, मी इथे चालायला शिकायला आले की उठाबशा काढायला? मी मुलींना शिवण शिकवायचे ना, तर महिनाभर त्यांना नुसती सरळ शिलाई मारायला लावायचे. त्या कुरकुरायच्या, आम्हाला झबली कधी शिकवणार म्हणून. तेव्हा मी त्यांना ओरडायचे. आता माझ्यावर पाळी आली."

"मग?"

"मग काय, उठले आणि बसले. चौथ्या आठवड्यात दोन पावलं. तुम्ही का विचारताय?"

काकांनी सगळं सांगितलं. धावणं, भाज्या, सात मजले, गुडघा. आणि त्या दिवसाची माफीही मागितली, जी चार महिने त्यांच्या घशात अडकली होती. माफीकडे बाईंनी लक्षच दिलं नाही. सात मजल्यांचं ऐकून मात्र त्या हसल्या.

"तुम्ही पहिल्या मजल्यापर्यंतच चढा," त्या म्हणाल्या. "गुडघा काय म्हणतो ते डॉक्टरबाईंना विचारून घ्या, आणि एकच मजला. वर जावंसं वाटलं तरी जायचं नाही."

"एक मजला? लोक हसतील."

"हसू देत. मी खुर्चीतून उठायचे तेव्हा माझा नातू टाळ्या पिटायचा. चार वर्षांचा आहे. त्याला वाटायचं, आजीचा खेळ चाललाय."

वर कोणीतरी घंटा वाजवून वाजवून बेजार झालं होतं. काकांनी दांडा फिरवला.

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, गुडघ्यासाठी दोन सोपे व्यायाम दिले. तरीही काकांना स्वतःचा भरवसा नव्हता. एक मजला चढायचं हे उद्या आठवेल, परवा कंटाळा येईल, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. जेवायला जाताना ते लिफ्ट पहिल्या मजल्यावर नेऊन उभी करायचे, जाळीला साखळी लावायचे आणि कठडा धरून सावकाश उतरायचे. दोन वाजता कामाला लागायचं तर लिफ्टपर्यंत जायलाच हवं, आणि जायला बावीस पायऱ्या. चढल्याशिवाय स्टूल मिळणार नाही. सुट्टीत लिफ्ट बंद झाली म्हणून काही लोक कुरकुरले, पण त्या अडकण्यानंतर व्यवस्थापकांनीच तसा नियम करायचं मनात घेतलं होतं, त्यामुळे कोणाचं काही चाललं नाही.

पहारेकरी रोज चेष्टा करायचा. "काका, शिखर गाठून आलात?" काका म्हणायचे, "आलो. झेंडा विसरलो." पण पहिल्या मजल्याच्या वर एक पायरीही चढायचे नाहीत. दीड महिना. दीड महिन्यानंतर एका सोमवारी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी दिसली.

घरी काकूंनी साखरेचा ताबा घेतला होता, कामावरचा चहाही आता घरूनच थर्मासमधून यायचा. साखर बंद करायची नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. पहिल्या महिन्यात काही कमी केलं नाही, फक्त चमचा सपाट भरायला लागल्या, वर शीग नाही. काकांना चहा थोडा वेगळा लागला, पण काय वेगळं आहे ते कळेना. कळलं तेव्हा पुढच्या महिन्यात तीनाचे अडीच झाले होते. सहा चहांतला दुपारी चारचा चहा गेला. तो गेला, कारण त्या वेळी काका डॉक्टरबाईंनी दिलेले गुडघ्याचे व्यायाम स्टुलावर बसल्या बसल्या करायला लागले आणि पाय पुढे ताठ धरून कप सांभाळता येईना. बिस्किटं मात्र बरेच दिवस टिकली. ती त्यांना सोडवत नव्हती आणि त्याबद्दल ते प्रामाणिक होते. "एका वेळी एकच भांडण," म्हणायचे.

वर्षभरात लिफ्ट दुपारी चौथ्या मजल्यावर थांबायला लागली. शिवणाऱ्या बाईंचे उपचार संपले. शेवटच्या दिवशी त्या काकांबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढल्या, सून मागून पिशवी घेऊन. दोघं एवढे सावकाश चढत होते की मागून येणाऱ्या दोन टायपिस्ट मुली कंटाळून बाजूने निघून गेल्या. बाई गेल्यावर काकांना करमेना, पण जिना चालू राहिला.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, तारा घालायला लागल्या. मुलगी परगावी, तिचं बाळ लहान. सगळं काकांवर आलं. ते जेवणाच्या सुट्टीत घरी धावायचे, काकूंना वाढायचे, धापा टाकत रिक्षाने परत यायचे. स्वतःचं जेवण म्हणजे रस्त्यावर उभ्या उभ्या मिळेल ते. लिफ्ट सुट्टीत तळमजल्यावर पडून असायची. दोन महिने असेच गेले. काकूंच्या हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा काकांचं वजन पाच किलोंनी वाढलं होतं, आणि चेहऱ्यावर तेच जुनं, गप्प झालेलं काहीतरी दिसत होतं.

मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर मी काकूंसारखंच मनात म्हटलं, सायकल झाली, हेही झालं. एकदा मी बोलूनही गेले, "काका, कुठून सुरुवात करणार आता? चौथ्यावरून?"

त्यांनी दांडा फिरवला. पाचवा मजला आला, मी उतरले, तेव्हा जाळी ओढता ओढता म्हणाले, "काल करून बघितलं. तिसऱ्यालाच फेस आला. बाई असत्या तर विचारलं असतं."

पुढच्या सोमवारी मी दुपारी जिन्याने खाली जात होते. लिफ्ट पहिल्या मजल्यावर उभी होती. जाळीला साखळी. खालून काका येत होते, कठड्याला हात लावून, एकेक पायरी. मला बघून थांबले.

"परत पहिला?" मी विचारलं.

"परत पहिला," ते म्हणाले. "फार वाईट वाटत नाहीये हो. मागच्या वेळी पहिला मजला सुरू केला तेव्हा या वळणावर बसायला लागलं होतं. आज नाही लागलं."

त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. त्यांचं त्यांनीच लिफ्ट तीन मजले खाली आणून उभी केली होती. सात मजले चढल्याच्या दिवशी मी टाळी वाजवली होती. या दिवशी वाजवायला हवी होती, पण हातात कागदांचा गठ्ठा होता आणि मला सुचलंही नाही.

दुसऱ्या खेपेला वर जायला आणखी दीड वर्ष लागलं. मधे गुडघा दोनदा कुरकुरला, दोन्ही वेळा त्यांनी एक मजला कमी केला, सूज उतरल्यावर परत वाढवला. सातव्या मजल्यावर लिफ्ट पहिल्यांदा उभी राहिली त्याची तारीख कोणालाच आठवत नाही. त्यांनी फोन केला नाही. मला ते कळलं तेव्हा बहुधा आठवडा उलटून गेला होता, आणि तेही सातव्यावरच्या वकिलांनी तक्रार केली म्हणून. दुपारी दाराबाहेर कोणीतरी शीळ घालत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

वजन ब्याऐंशीवर आलं आणि तिथेच थांबलं. डॉक्टरबाईंनी दोन गोळ्यांपैकी एक कमी केली. दुसरी जन्मभर राहणार, असं सांगितलं. चहा तीन वेळा, अर्धा चमचा साखर. गुडघा थंडीत अजून दुखतो.

त्याच वर्षी मालकांनी लिफ्ट बदलायचं ठरवलं. नवी आपोआप चालणारी, बटणांची, म्हणजे चालवायला माणूस नको. बसवायला पाच महिने लागणार होते. व्यवस्थापक काकांना म्हणाले, "तुम्ही आता घरीच आराम करा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, काहीतरी जमवून देऊ."

काका म्हणाले, "आरामाचं नंतर बघू. पाच महिने लिफ्ट नाही, मग सात मजल्यांचं टपाल वर कोण नेणार?"

व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काकांनी टेबलावरचा टपालाचा गठ्ठा उचलला आणि निघाले. वीस मिनिटांनी सातही मजल्यांच्या सह्या घेऊन परत आले. घाम आला होता, पण बोलता येत होतं. ते काम त्यांच्याकडेच राहिलं, नवी लिफ्ट आल्यावरसुद्धा, निवृत्तीच्या दिवसापर्यंत.

त्या पाच महिन्यांत डॉक्टरबाईंच्या आणि फिजिओच्या पेशंटांचे हाल झाले. काका त्यांच्याबरोबर जिना चढायचे. घाई करायचे नाहीत, उपदेशही करायचे नाहीत. वळणावर एक खुर्ची ठेवली होती, तिथे पेशंट बसला की हे कठड्याला टेकून त्याच्या घरची चौकशी करायचे.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. निवृत्तीला तीन वर्षं होऊन गेली. काकूंचं मनगट जुळलं होतं, पण पडल्यापासून त्यांनी चालण्याची धास्तीच घेतली होती. घराबाहेर पडायचं म्हणजे रिक्षा. आता काका त्यांना रोज सकाळी बाहेर काढतात. पहिल्या महिन्यात फक्त फाटकापर्यंत. मी गेले त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत चाललं होतं.

मीही बरोबर निघाले. काकूंच्या पायात नवे बूट होते, आणि ते आपल्याला शोभत नाहीत हे त्या दर दहा पावलांनी सांगत होत्या. खांब आला. काका थांबले. "चला, वळा आता."

काकू थांबल्या नाहीत. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळवाली बसते, तिच्याकडे बघत म्हणाल्या, "तिथवर जाऊन पेरू घेऊन येऊ."

"या आठवड्यात नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ. हळूहळू."

"हळूहळूच जातेय की," काकू म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं.  मग बायकोच्या मागे, तिच्या दोन पावलं मागे राहून, तेही निघाले.